मोकळ्या हाताचा फोटो

मी, झॉनी बिट्सिली, राहणार राउंड मेसा, ॲरिझोना, वय अदमासे ब्याऐंशी, धंदा रोडिओचे, म्हणजे बिथरलेल्या बैलावर बसून टिकायच्या खेळाचे, फोटो काढणे, आज पूर्ण शुद्धीत आणि तितक्याच वैतागात ही व्यवस्था सांगून ठेवत आहे. मला अक्षर येत नाही. नात शारलीन लिहीत आहे. मरणाचं नाव आम्ही नवाहो तोंडाने काढत नाही, म्हणून वकिलाला जिथे ‘मृत्यूनंतर’ हवं असेल तिथे त्याने ‘मी मेंढरांमागे गेल्यावर’ असं वाचावं. (“आजी, वकील हसेल.” हसू दे. तू लिही.)

१. घर आणि बावीस मेंढ्या माझ्या मुलीला, म्हणजे शारलीनच्या आईला. काळी मेंढी लाथ मारते. हे माहीत असूनच देत आहे.

२. दोन्ही कॅमेरे, लांब भिंग आणि फोटो धुण्याची तसराळी शारलीनला. स्वाराने मान हलवली की फाटक उघडतं. सगळे अडाणी तेव्हाच बटण दाबतात. बैलाचा खांदा खाली जाईपर्यंत थांबायचं. पडलेल्या स्वाराला हसायचं नाही. तोच येऊन म्हणतो, “पडायच्या आधीचा दे.”

३. रिंगणाच्या आत उभं राहण्याचा पास कुणालाच देता येत नाही, कारण तो मला कधी मिळालाच नाही. माझा धाकटा भाऊ हॅरिसन यलोहेअर तीस वर्षं रोडिओ कमिटीचा प्रमुख. दरवर्षी मागितला, दरवर्षी एकच उत्तर: “ताई, बाई आत आली की बैल बुजतो.” मी म्हणायची, “अरे, तुझं तोंड बघून बुजत नाही, मग मला बघून काय बुजेल?” लोक हसायचे. पास मिळायचा नाही. शहरातून आलेले पुरुष नवे बूट घालून आत जायचे आणि माझ्या निम्म्या फोटोंत कुंपणाचा दांडा आडवा यायचा.

४. सगळ्या निगेटिव्ह शारलीनला, एक सोडून. १९७८ च्या जत्रेत हॅरिसन नेमाचे आठ सेकंद बैलावर टिकला आणि पहिल्या नंबरचं चांदीचं बक्कल जिंकला. लीलंड त्सो दुसरा आला. स्वाराचा एक हात दोरावर. दुसरा, मोकळा हात बैलाला लागला की स्वारी बाद. पंच बैलाच्या पलीकडे होता, मी अलीकडे. चौथ्या दिवशी तसराळ्यात फोटो उमटला: माझ्या भावाचा मोकळा पंजा बैलाच्या मानेवर सपाट. वाळवला आणि पिठाच्या डब्यात टाकला. भाऊ होता. लीलंड विचारायला आला, “झॉनीताई, माझ्या स्वारीच्या दिवसाचं काही चांगलं आलं का?” मी म्हटलं, “नाही रे, सगळे हलले.” त्याने स्वारी सोडून गवंडीकाम धरलं. बैल बुजण्याची नव्हे, माझ्या कॅमेऱ्याची हॅरिसनला भीती होती, हे मला फार उशिरा कळलं.

ती निगेटिव्ह आणि तिचा मोठा फोटो लीलंडला द्यावा. त्याने भिंतीवर लावावा की चुलीत घालावा, मर्जी त्याची. ‘शारलीनला पास दे, मग डबा बंद ठेवते,’ असा सौदा मनात आला होता. सोडून दिला. दडवण्यात अर्धं आयुष्य गेलं.

५. हॅरिसनला काही नाही. ज्याला काही मिळत नाही त्यालाच साक्षीदार होता येतं, असं वकील म्हणतो. म्हणून त्यालाच बोलावलं आणि वरचं सगळं शारलीनकडून वाचून दाखवलं.

ऐकून त्याने टोपी काढली. म्हणाला, “ताई, तेव्हाच का नाही बोललीस?”

“कुंपणापलीकडून किती ओरडू?”

त्याने टोपी मांडीवर ठेवली. मग विचारलं, “फोटो कसा आलाय?”

“माझ्या हातून निघालेला सगळ्यांत चांगला. एकेचाळीस वर्षं कुणाला दाखवता आला नाही.”

“मला दाखव.”

दाखवला. त्याने पेन मागितलं. शारलीन, हेही लिही.

झॉनी बिट्सिली, डाव्या अंगठ्याची निशाणी
साक्षीदार: हॅरिसन यलोहेअर (सही)
साक्षीदार: व्हर्ना नेझ, शेजारीण (सही)
राउंड मेसा, १४ ऑक्टोबर २०१९