पहारेकऱ्याचं एकच वाक्य

प्रिय अरिहंत,

आपल्या ऑनलाइन चित्रमालिकेचा गेल्या आठवड्यातला भाग मी तीनदा वाचला. रचना निर्दोष आहे, हे आधी मान्य करते. माझ्यातली प्राध्यापिका रागातही गुण द्यायला विसरत नाही.

विडंबनाचं शास्त्र आपण माधवनगरला, तुझ्या घरच्या जिन्यावर बसून पक्कं केलं होतं. व्हिडिओ गेममधला नियम जसाच्या तसा उचलायचा आणि आपल्या मातीत सोडून द्यायचा. गेममधला नायक कुणाच्याही घरात शिरून माठ फोडतो, त्याला कुणी विचारत नाही. आपला वीर भुजंग इस्लामपुरात माठ फोडतो, तेव्हा घरधनीण हरणाबाई त्याला नवा माठ आणायला बाजारात पिटाळते. राक्षस लोळवणारा हा गडी साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोरच्या रांगेत तीन जन्म खर्ची घालतो, पण पुढचा ट्रॅक्टर हलत नाही. हसायचं ते नियमाला, माणसाला नव्हे. हे वाक्य आपल्या कल्पनांच्या वहीच्या पहिल्या पानावर तूच लिहिलंस.

गेममधल्या पहारेकऱ्याला एकच वाक्य येतं, कितीदाही बटण दाबा, हा नियम मात्र मी समजावला होता. समजावताना हसता हसता रडू आलं आणि मी म्हणाले, आमचे आबा आता तसेच झालेत. ते मैत्रिणीनं मित्राला सांगितलं होतं, लेखिकेनं चित्रकाराला नव्हे.

फौजेत सुभेदारकी करून आलेले आबा, आठवणी विरल्यापासून फाटकाशी खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, “रजा किती दिवसांची हाय रं, गड्या?” बाकीचे हसून पुढे जात. तू एकटा थांबून सांगायचास, “पंधरा दिवसांची, साहेब.” मग ते म्हणायचे, “मग च्या घिऊन जा.” एका दुपारी हे नऊ वेळा झालं. स्वयंपाकघरातून ऐकताना मला वाटलं, इतका संयमी माणूस मी दुसरा पाहिला नाही. गेल्या आठवड्याच्या भागात तीच मिशी, खुर्चीच्या पाठीवरचा तोच पंचा, तेच वाक्य, आणि भुजंग बटण दाबतो नेमकं नऊ वेळा. तेव्हा कळलं, तू मोजत होतास.

आता तो भाग पाहून मोटारसायकलवरून मंडळी येतात, मोबाईल समोर धरतात आणि म्हणतात, “आवं साहेब, परत एकदा म्हणा की.”

तो भाग काढून टाक, हे सांगायला मी लिहीत नाही. तो आता तुझ्याही हातात उरलेला नाही. लिहिते ते यासाठी, की मंगळवारपासून आबांनी विचारणं सोडलंय. ते फाटकाशी बसतात, रस्त्याकडे पाहतात, माणूस जवळ आला की ओठ मिटून घेतात. त्यांना नेमकं काय कळलं, हे मला समजावता येत नाही, आणि समजावणं हाच माझा व्यवसाय. रविवारी ये. वही आणू नकोस. फाटकाशी उभा राहा, आणि ते विचारेपर्यंत थांब.

अजून तरी तुझीच,
सृष्टी