मढचा बंगला पुन्हा विकला

मढ, ता. १२ फेब्रुवारी १९५६

सौ. जानकीस धोंडूचे आशीर्वाद.

मी बरा आहे, खोकलाही गेला म्हणायचा. बंगला मात्र पुन्हा विकला. बांधणाऱ्या पारशीबाबानंतर कापसाचे शेठ आले, मग वकीलसाहेब, आता सिनेमावाले. प्रत्येक नवा मालक म्हणतो, वास्तुशांत होऊ दे, मग गावाला जा. वास्तुशांत होते, खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजतात, मालक कंटाळून विकतो आणि माझी रजा त्याच्याबरोबर जाते. डोकं उठलंय नुसतं.

धाकटीचा ताप उतरला का? खरं ते कळव.

शिमग्याची पालखी दारात येईल तेव्हा मी घरी असेन. काल कुंपणापाशी जागेच्या राखणदार देवाला नारळ ठेवला आणि रजा त्याच्याकडेच मागितली. हा बंगला विकून न जाणारा मालक तो एकटाच.

धोंडू