वाऱ्याची पिशवी

बिबवेवाडी, पुणे
२६ ऑगस्ट २०००

चि. सलिल यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

औरंगाबादला सुखरूप पोचल्याचा तुझा फोन ऋचाला ऑफिसात आला, ते तिने घरी आल्यावर सांगितलं. घरात आता आम्ही बापलेक दोघंच. कंपनीची बस तिला सकाळी खराडीला नेते, परत येते तेव्हा दिवे लागलेले असतात. स्वयंपाकाला मंदाकिनीबाई येतात. त्या आमटीत गूळ घालत नाहीत. सांगायला हवं, पण सांगत नाही.

काल शिलाई मशीनवरचं झाकण काढलं. तुझी आई गेली त्या दुपारी ते मीच झाकून ठेवलं होतं, त्यानंतर कुणी हात लावला नव्हता. आत कापड तसंच होतं, सुई त्यात टेकलेली. छत्रीचं कापड आहे, एक पट्टा भगवा, एक पांढरा. एका टोकाला रुंद, पुढे निमुळतं होत गेलेलं, माझ्या उंचीहून लांब. तुझ्या त्या साखर कारखान्याच्या धावपट्टीसाठी वाऱ्याची पिशवी शिवते आहे, असं ती जुलैत म्हणाली होती. कारखान्याने करायची कामं आपण का करायची, असं मी विचारलं. तिने मला आकृती काढून मागितली. मी मापं मागितली. ती म्हणाली, एवढी एवढी असेल, आणि हात पसरून दाखवले. अंदाजाची आकृती काढत नाही, असं मी सांगितलं. खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून उभी नोकरी काढली, मापाशिवाय पेन्सिल उचललेली नाही. मग तिने तू पाठवलेला फोटो समोर ठेवून जुन्या वर्तमानपत्रावर तिचा तिनेच बेत केला.

बाकी सगळं झालं आहे. रुंद तोंडाला जाड पट्टी लावायची तेवढी राहिली. तिने हाती घेतलेलं काम अर्धवट टाकल्याचं मला आठवत नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून पट्टी लावून घेतो आणि पाठवतो. आणखी काही करायला हवं असेल तर कळव.

प्रकृतीस जपावे. कळावे.

तुझा,
बाबा


औरंगाबाद
४ सप्टेंबर २०००

तीर्थरूप बाबांना,

सलिलचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माथ्यावर श्रीकार नव्हता. सुतक फिटलं, आता घालायला हरकत नसावी. पण तो तुमचा प्रश्न.

आईने पिशवी खरंच शिवली हे मला माहीत नव्हतं. इथली फाटली, तूच एक शिवून दे, असं मी पत्रात गमतीने लिहिलं होतं. मी जिथे जिथे उतरायचो तिथलं वर्णन तिला हवं असायचं. कुठे व्हीआयपी कक्षातल्या सोफ्याचं प्लास्टिक चार वर्षांत काढलेलं नाही, कुठे स्वच्छतागृह नवं कोरं आहे पण किल्ली दोन किलोमीटरवरच्या स्टोअरमध्ये. चहाला मी गुण द्यायचो आणि ती उलटटपाली कळवायची की साखर जास्त असल्याने दोन गुण कापले आहेत. चहा न पिताच.

या कारखान्याच्या चहाला मात्र तिने पैकीच्या पैकी दिले होते. धावपट्टी म्हणजे उसाच्या मधोमध ओढलेली डांबराची पट्टी आणि एक खोली. राखणदार हिंमतराव आणि त्याची बायको द्वारकाबाई, एवढाच स्टाफ. उतरायच्या आधी मी एकदा खालून घिरटी मारतो, हिंमतराव सायकल घेऊन धावपट्टीवर येतो, शेळ्या हाकलतो आणि मग मी उतरतो. खांबावरची पिशवी जूनच्या वादळात फाटली. तेव्हापासून तो ओलं गवत पेटवून धूर करतो. वारा कुठून येतो ते कळलं पाहिजे, कारण विमान वाऱ्याच्या समोरून उतरवायचं असतं. वारा मागून असला तर ते लवकर थांबत नाही.

एक सांगायचं आहे. या पिशवीची दोन्ही टोकं उघडी हवीत. रुंद तोंडातून वारा शिरतो आणि अरुंद तोंडातून निघून जातो, तेव्हाच ती ताठ उभी राहते आणि दिशा दाखवते. तुमच्याकडची नीट बघून घ्या.

आई गेली त्या दिवशी मी याच धावपट्टीवर होतो. चेअरमनची सभा लांबली, फोन आला तेव्हा सूर्य मावळत होता. इथे दिवे नाहीत, अंधारात उडता येत नाही. कारखान्याच्या जीपने निघालो आणि सकाळी पोचलो. तुम्ही थांबला नव्हतात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

ऋचाला आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

आपला,
सलिल


बिबवेवाडी, पुणे
१५ सप्टेंबर २०००

चि. सलिल यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पिशवीचं अरुंद टोक तिने बंद केलं आहे. फोटो तू वारा नसताना काढलास. त्यात जुनी पिशवी खांबाला चिकटून लोंबते आहे, टोक दिसतच नाही. ती जन्मभर उशांचे अभ्रे आणि बाजाराच्या पिशव्या शिवत आली. तळ म्हटला की दुहेरी टीप, आणि वर कोपऱ्यांना उलटसुलट मारून पक्कं. तसंच इथे केलं आहे. मी तेव्हा पेन्सिल उचलली असती तर मापं विचारायला तुला पत्र लिहिलं असतं, आणि तू टोकाचं सांगितलं असतंस. एका पोस्टकार्डाचं काम होतं.

ते उसवायला मी दोनदा बसलो. ब्लेड हातात घेतलं. तिने पुरी केलेली ती शेवटची टीप आहे. त्यानंतर पट्टीची सुरुवात केली आणि दोन बोटं शिवण झाल्यावर पाणी आणायला म्हणून उठली. ऋचा म्हणाली, द्या बाबा इकडे, पाच मिनिटांचं काम आहे. मी तिच्यावर ओरडलो. ती न जेवता कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. नंतर मीच पोळीभाजीचं ताट तिच्यापुढे ठेवलं.

तशीच बंद ठेवून वर चढवता येईल का, हे कळव. थोडा वारा कापडातूनही जात असेल.

थांबण्याबद्दल तू लिहिलंस. नातलग म्हणाले, फार वेळ ठेवू नये, पोराला यायला सकाळ होणार आणि रस्त्याचं काही सांगता येत नाही. मी हो म्हटलं. नाही म्हणता आलं असतं. कुणी माझा हात धरला नव्हता.

जपून असावे.

तुझा,
बाबा


औरंगाबाद
२५ सप्टेंबर २०००

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं. पाकीट पेटीत टाकलं आणि पेटीपाशी बराच वेळ उभा राहिलो. माणूस येऊन पेटी उघडेल तर परत मागावं, असा विचार होता. तो आला नाही.

पिशवीबद्दल खरं तेच लिहितो. बंद टोकाची चालणार नाही. वारा आत शिरेल, बाहेर पडायला वाट नसली की ती फुगेल, आपटेल, कशीही वळेल. चुकीची दिशा दाखवणारी पिशवी असण्यापेक्षा नसलेली बरी.

मागच्या मंगळवारी तिथे उतरलो. धूर विझत आला होता आणि मधल्या वेळात वारा फिरला, ते मला वरून कळलं नाही. विमान धावपट्टीच्या टोकाशी, उसाच्या अगदी कडेला जाऊन थांबलं. कुणाला काही झालं नाही. चेअरमन उतरले आणि म्हणाले, कॅप्टन, आम्हाला थेट गव्हाणीत नेऊन घालता की काय. गव्हाण म्हणजे कारखान्यात गाळपाला ऊस टाकतात ती जागा. सगळे हसले, मीही हसलो. हिंमतराव मात्र दिवसभर ओलं गवत गोळा करत राहिला, चूक आपली असं समजून.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. कंपनीकडे नवी पिशवी मागितली आहे, पण कागद मुंबईत कुणाच्या टेबलावर आहे ते कुणालाच माहीत नाही. आईची तुमच्यापाशीच ठेवा. उसवू नका. तिने शिवली हे मला कळलं, तेवढं मला खूप झालं.

आमटीत गूळ घालायला सांगा. मंदाकिनीबाईंना मनातलं कळत नाही.

आपल्या मायेची सावली असू द्यावी.

आपला,
सलिल


बिबवेवाडी, पुणे
८ ऑक्टोबर २०००

चि. सलिल यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

उसाच्या कडेचा मजकूर मी दोनदा वाचला. ऋचाला दाखवला नाही.

परवा खंडेनवमी झाली. दर वर्षी त्या दिवशी ती मशीनला हळदकुंकू वाहायची आणि माझी कंपासपेटीही शेजारी मांडायची. नोकरी संपली, आता कशाला, असं मी म्हणायचो. ती मांडायचीच. यंदा आपल्याला सण नाही म्हणून पूजा केली नाही. त्याऐवजी दोन्ही वस्तू कामाला घेतल्या.

ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून काढला. पिशवी त्यावर पसरून मापं घेतली आणि आकृती काढली, जी जुलैत काढायची होती. अरुंद तोंडाचा व्यास ठरवला. एक सांगतो, तिचा अंदाज जवळजवळ बरोबर होता. मी पेन्सिल घेऊन बसलो असतो तरी एखाद्या बोटाचाच फरक पडला असता.

मग उसवली. ब्लेडने नाही, तिच्या छोट्या कात्रीने, एकेक टाका. दुहेरी टीप होती, सकाळ त्यातच गेली. दोरा तुटू दिला नाही असं म्हणणार होतो, पण तुटला, दोनदा. जेवढा निघाला तेवढा रिकाम्या बॉबिनवर गुंडाळून मशीनच्या खणात ठेवला आहे.

शिंप्याकडे नेली नाही. टोक दुमडून मीच शिवलं, वरची पट्टीही लावली. मशीन पायाने चालवायचं आणि हाताने कापड सरकवायचं, हे दोन्ही एकदम मला जमत नव्हतं. ऋचा रजा घेऊन घरी होती, तिने पेडल मारलं आणि मी कापड धरलं. ती म्हणाली की तिच्या ऑफिसात याला टीमवर्क म्हणतात आणि त्याचं शिबिर असतं. तुमची आई गेल्यापासून ती माझ्यापुढे पहिल्यांदा हसली.

तुझ्या आईची शिवण सरळ आहे. वाकडी दिसेल ती माझी.

एस.टी. पार्सलने उद्या पाठवतो. मिळाल्याचं कळव.

तुझा,
बाबा


औरंगाबाद
१६ ऑक्टोबर २०००

तीर्थरूप बाबांना,

साष्टांग नमस्कार. वि. वि.

पार्सल मिळालं. वाकडी शिवण लगेच ओळखू आली. द्वारकाबाईंनी पिशवी मांडीवर घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, हा तर वाऱ्याचा पायजमा हाय, एका पायाचा. मग कुणी शिवला ते सांगितलं, तेव्हा घडी घालून देवाच्या कोनाड्याखाली ठेवली.

कारखान्याच्या वर्कशॉपने लोखंडी कडी करून दिली. हिंमतरावाने खांबाला रंग दिला, दोरी नवी आणली. सगळी तयारी झाली आहे. पण मी चढवू दिलेली नाही. तुम्ही आल्याशिवाय चढवायची नाही, असं मी ठरवलं आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुण्याहून विमान रिकामं येणार आहे. लोहगावला या, मी घेऊन येतो. तुम्ही विमानात बसत नाही हे ठाऊक आहे. आईने किती वेळा म्हटलं आणि तुम्ही किती वेळा पुढच्या वर्षी म्हणालात, तेही ठाऊक आहे. नाही म्हणालात तरी मी थांबेन. डिसेंबरपर्यंत थांबेन.

आपला लोभ आहे तसाच ठेवावा.

आपला,
सलिल


॥ श्री ॥

बिबवेवाडी, पुणे
२१ ऑक्टोबर २०००

चि. सलिल यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र आत्ता मिळालं, लगेच उत्तर लिहितो आहे. पिशवी हिंमतरावांना ताबडतोब चढवायला सांग. तू दर मंगळवारी तिथे उतरतोस. वारा माझ्यासाठी थांबणार नाही, आणि तूही थांबू नकोस. ती कोनाड्याखाली ठेवण्यासाठी शिवलेली नाही.

तू थांबणार होतास, हे मला कळलं. मी नव्हतो थांबलो. तू या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या नाहीस. मीही मांडत नाही. पण हे पत्र लिहिताना हात आपोआप वर गेला आणि आधी श्रीकार घातला गेला.

मी येईन. विमानाने नाही, एस.टी.ने, आदल्या दिवशी. त्या रविवारी सकाळी मी हिंमतरावांबरोबर खांबाखाली उभा असेन. तू वरून खाली पाहशील तेव्हा आधी पिशवी पाहा, मग मला. तू उतरताना एकदा बघायचं असं ती म्हणायची. मी तिला घेऊन आलो नाही. आता मी एकटाच बघेन आणि मनात तिला सांगेन.

परतीला मात्र तुझ्या विमानात बसेन. पुढच्या वर्षीवर टाकत नाही.

मंदाकिनीबाईंना गुळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, इतके दिवस का नाही बोललात. आज आमटी गोड झाली होती, जरा जास्तच. पण मी पुन्हा वाढून घेतली.

द्वारकाबाईंना माझा नमस्कार सांग, आणि चहात साखर बेताची घालायला सांग. गुण आता मला द्यायचे आहेत.

वाऱ्याकडे पाहून उतरावे.

तुझा,
बाबा