ड्रेथमोरच्या पाच भागांचा क्रम आणि माझी मिळकत यांविषयी

मी, आकाराम ज्ञानू कुरणे, वय ७१, निवृत्त प्राध्यापक (तर्कशास्त्र), राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, असे लिहून ठेवतो की माझी स्मृती शाबूत आहे. हात कापतो, विचार कापत नाही. पुढील मजकूर मला कोणी सुचवलेला किंवा माझ्याकडून वदवून घेतलेला नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सर्वकाही माझी एकुलती मुलगी सोनम हिला दिले होते. ती सप्टेंबर २००५ मध्ये वारली. घेणारी उरली नाही, म्हणून ते मृत्युपत्र मी रद्द करतो.

१. राहते घर माझी थोरली बहीण चिमणाबाई हिने हयातभर वापरावे. तिच्यामागे ते माझी नात साक्षी हिचे. हे कलम वाचून दाखवले तेव्हा चिमणाबाई म्हणाली, "मला कशाला घालतोस कागदात? मी काय तुझ्या आधी जाणार न्हाय व्हय?" हे शक्य कोटीतले आहे. तसे झाल्यास घर थेट साक्षीचे.

२. बँकेतील ठेवीचा अर्धा भाग साक्षीच्या शिक्षणासाठी, उरलेला माझ्या जन्मगावच्या, बिद्रीच्या, बुद्धविहारातील वाचनालयासाठी. माझ्या अंत्यविधीत त्रिसरण-पंचशील म्हणावे. भाषणे नकोत. कोणी केलेच, तर त्याने आधी व्याख्या सांगाव्यात.

३. माझे माजी सहकारी सयाजीराव यांना काहीही देऊ नये. "लॉजिकचा मास्तर म्हातारपणी राक्षस मारत बसलाय की," असे ते चारचौघांत म्हणाले होते. राक्षस मी क्वचितच मारले. बहुतेक वेळा मी त्यांच्याशी बोलणी केली, आणि तशी सोय त्या खेळात आहे. आरोप करण्यापूर्वी त्यांनी खेळ पाहिला नव्हता, इतके नोंदवून हा विषय मी बंद करतो.

४. आता खेळ. मी १९९६ मध्ये निवृत्त झालो, तेव्हा सोनमने मला संगणक घ्यायला लावला आणि त्यावर ड्रेथमोर नावाचा परदेशी खेळ घातला. त्यात आपण एक पात्र घडवतो, सोबती जमवतो आणि त्यांच्यासह एक राज्य पायी पालथे घालतो. एकेक भाग संपायला महिने जातात. पाचही भाग आम्ही दोघे खेळलो. ती लग्नानंतरही दर रविवारी येई, आणि चहा होताच वाद सुरू होई : कोणता भाग श्रेष्ठ?

खालच्या तीन जागांबद्दल आमचे एकमत होते. तिसरी जागा चौथ्या भागाची : रचना चोख, पण धाडस नाही. चौथी जागा पहिल्या भागाची : सुरुवात म्हणून आदरणीय, मात्र गृहीतके फार. शेवटची पाचव्याची : चित्रे देखणी, म्हणणे काहीच नाही. मतभेद वरच्या दोन जागांचा होता. माझ्या मते दुसरा भाग श्रेष्ठ, कारण त्यात पहिल्या गावात दिलेल्या वचनाचाही शेवटी हिशेब होतो. कार्याला कारण असते. सोनमच्या मते तिसरा.

वादाचा नियम मी वर्गातून घरी आणला होता. एका रविवारी आपली बाजू मांडायची. पुढे पाळी आली की प्रतिपक्षाची, तीही अशी की समोरच्याने "हेच मला म्हणायचे होते" असे कबूल केले पाहिजे. दोघांचा असा पालट झाल्याखेरीज निकाल नाही.

५. सोनमला रक्ताचा कर्करोग झाला. इस्पितळातल्या त्या रविवारी पालटाची पाळी तिची होती. उशीला टेकून, हसत, तिने दुसऱ्या भागाची बाजू मांडली. इतकी नेमकी मांडणी मला स्वतःला जमली नव्हती. मी म्हणालो, "हेच मला म्हणायचे होते." तिचे पती प्रसेनजीत दारात उभे राहून ऐकत होते. पुढच्या रविवारी पाळी माझी होती. ती गुरुवारी गेली.

प्रसेनजीत यांनी दुसऱ्या भागाची पेटी तिच्या फोटोशेजारी ठेवली आहे, आणि "हा तुझ्या आईचा लाडका खेळ" असे ते साक्षीला सांगतात. ज्या जुन्या संगणकात सोनमचा तिसरा भाग आहे, तो त्यांनी भंगारात काढायचे ठरवले होते. तो मी माझ्या घरी आणला आणि त्यांना आमचा नियम समजावला.

ते म्हणाले, "आण्णा, मी सवता ऐकलंय की. कसलं हसू होतं तोंडावर. ते काय नाटक होतं व्हय?"

"नाटक नव्हे," मी म्हणालो. "प्रतिपक्षाची मांडणी."

ते चहा न घेता उठून गेले. चिमणाबाई आतून म्हणाली, "तुझी मांडणी ऱ्हाऊ दे तिकडं. त्याच्या बायकोचं शेवटचं हसू तू काढून घ्यालायस."

तिचा आक्षेप ग्राह्य आहे. हसू खरे होते. हसू खरे असणे आणि मत तिचे असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. म्हणून दुसऱ्या भागाची माझी प्रतही मी प्रसेनजीत यांना देतो, आणि त्याविषयी त्यांच्याशी यापुढे कोणी वाद घालू नये. जुना संगणक मात्र साक्षीचा. ती आज आठ वर्षांची आहे. ती अठरा वर्षांची होईपर्यंत तो माझे माजी विद्यार्थी आणि या मृत्युपत्राचे व्यवस्थापक ॲड. पृथ्वीराज चौगले यांनी सांभाळावा. तो विकू नये, त्यातले काही पुसू नये.

६. माझी पाळी राहिली आहे. ती मी येथे पुरी करतो.

तिसऱ्या भागावर माझा आक्षेप असा होता की त्यातली इल्वा ही सोबतीण अर्ध्या वाटेवर निघून जाते. तिच्याशी कसेही वागा, ती थांबत नाही. ज्याला कारण नाही ते रचनेतले वैगुण्य, असे मी म्हणत असे. सोनम म्हणायची, "आण्णा, जाणारं माणूस कारण सांगून जातंय व्हय?"

तिची बाजू अशी. दुसरा भाग आपल्याला शिकवतो की नीट वागलो तर नीट होईल. तिसरा तसे काही कबूल करत नाही. इल्वा जाणार हे ठाऊक असूनही खेळणारा तिला चांगले धनुष्य देतो, तिच्या वाट्याची भाकरी राखून ठेवतो, तिच्या गोष्टी ऐकतो. त्याला त्याचे काही फळ नसते. फळ नसताना केलेली गोष्ट निरर्थक ठरत नाही, हे या एकाच भागाला सिद्ध करता आले आहे; म्हणून तो श्रेष्ठ.

"हेच मला म्हणायचे होते" असे सांगणारी व्यक्ती हयात नाही. त्यामुळे ही मांडणी पुरी झाली की नाही, हे मला ठरवता येत नाही. वरच्या दोन जागा मी रिकाम्या ठेवतो. त्या भरण्याचा अधिकार साक्षीचा. दोन्ही भाग स्वतः खेळून तिने निर्णय द्यावा, आणि आईला काय वाटले असते, हे तिला कोणीही सांगू नये.

७. एक गोष्ट साक्षीला आधी माहीत असावी. सोनमने जतन केलेला डाव घाटमाथ्यावर थांबला आहे. इल्वा अजून तिच्यासोबत आहे. तिथून एक पाऊल पुढे टाकले की ती निघून जाते. मी तो डाव उघडतो, पाहतो आणि बंद करतो. पाऊल टाकायचे की नाही, हे साक्षीने ठरवावे. तिने टाकले तर माझी हरकत नाही.

वरील मजकूर मी शुद्धीवर, माझ्या हाताने लिहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

(सही) आकाराम ज्ञानू कुरणे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. स्वप्नाली धनवडे, लिहून देणाऱ्यांच्या डॉक्टर. लिहून देणारे पूर्ण भानावर असल्याची खात्री केली.
२. (सही) यशराज मगदूम, शेजारी.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १८ नोव्हेंबर २००७, रविवार