माग हरवला असं सांगितलं

९ जानेवारी १९७२, रविवार
दिवसभर लाखोरी डाळीच्या शेतात. घरी आलो तर मधू बसलेला. जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातून आला. खाटेवर नवी रायफल, खिशात शिकारीचा परवाना. नाकाडोंगरीमागच्या पहाडीत तीन दिवस, एक नर सांबर. माय त्याला उकडलेल्या शेंगा सोलून देत होती. मला कधी दिल्या?
शाळेपासूनचा दोस्त. कारखान्याच्या भरतीला दोघं एकाच दिवशी गेलो, एकाच रांगेत उभे राहिलो. तो लागला. मी परत शेताच्या धुऱ्यावर.
म्हणाला, "वासू, तुह्याशिवाय मी नाई जात. माग काढणं मले कुठं जमते?" कौसल्या हसली. कशावर, कळलं नाही. माझ्या बोलण्यावर माझी बायको अशी हसून किती दिवस झाले...
बाबांची जुनी भरमार बंदूक काढून पुसली. त्याच्या रायफलीशेजारी ठेवावीशी वाटली नाही.

१४ जाने., शुक्रवार
संक्रांत. तीळगूळ. उद्या निघायचं. कौ. म्हणे दुलई मधुभाऊजींना द्या, त्यांना क्वार्टरात राहायची सवय, थंडी सोसणार नाही. तुम्हाला चालते घोंगडी.
चालते.

१५ जाने., शनिवार. पहाडीवर
लाखनी, भंडारा, तुमसर, नाकाडोंगरी. चार बसा. सोबत नामदेव, लाखनीला रस्त्यावर ट्रकांचे पंक्चर काढतो तो. वजनदार माणूस, चढताना दर दहा पावलांवर बसतो नि विनोद करतो. बरं झालं तो आहे. दोघंच असतो तर मधूशी काय बोललो असतो कोण जाणे.
जंगलखात्याचा नाकेदार भेटला. रायफल पाहून मधूला साहेब म्हणाला. मला म्हणाला, साहेबांसाठी पाणी आण. मधू म्हणाला, तो माझा दोस्त आहे, आणि स्वतः उठून पाणी घेऊन आला. हे तर जास्तच लागलं.
वर नुसते दगड, बांबू, उभा चढ. पाण्याची जागा दूर. दुपारून मोठ्या नराची खुरं दिसली, ताजी. मीच पाहिली आधी.

१६ जाने., रविवार
पहाटे ठिय्यांवर बसलो. सांबर रात्री खाली पाण्यावर उतरतं, उजाडताना खिंडीतून वर चढतं. खिंड मी घेतली. मधूला खालच्या नाल्यात बसवलं. तिकडून वारा थेट पाण्याच्या वाटेवर जात होता, म्हणजे जनावराला त्याचा वास लागणार आणि ते तिकडं फिरकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. परवाना त्याचा, रायफल त्याची, तरी असं केलं. तो काही न विचारता जाऊन बसला.
उजाडताना वारा फिरला. एकच गोळी वाजली, खालून.
गेलो तर मधू नाल्यात उभा. लागली म्हणाला, पण पळालं. रक्त होतं. तीन तास बांबूत माग काढला. काटे, घसरण, नामदेवचा पाय मुरगळला. दुपारून रक्त दिसेनासं झालं. नामदेवला धरून खाली आणला. मधू जेवला नाही.

१७ जाने., सोमवार
नामदेव पायामुळं डेऱ्यावरच. मधू नाल्याच्या अंगानं, मी खडकाच्या अंगानं. दुपारपर्यंत शोधलं. माग हरवला. उतरलो. रात्री उशिरा घरी.

१९ जाने., बुधवार
परवा खोटं लिहिलं. स्वतःच्याच वहीत. कोण वाचणार होतं?
सांबर मला दिसलं होतं. खडकाखाली घळ आहे, सालईचं झाड वाकलेलं, त्याच्या बुडाशी. मेलेलं. शिंगं माझ्या हातापेक्षा लांब. गोळी खांद्यामागं, जिथं लागायला पाहिजे तिथंच. नवखा माणूस, पहिलं सांबर, अंधुक उजेड. वीस वर्षांत माझ्या हातून असा नेम लागला नाही.
बाजूला बसलो. माशा येऊ लागल्या होत्या. डोळ्यांसमोर दिसत होतं सगळं. ती शिंगं त्याच्या क्वार्टराच्या भिंतीवर. माय ती पाहायला जाणार. कौसल्या सगळ्यांना सांगणार, मधुभाऊजींनी एका गोळीत...
तेवढ्यात खालून त्याची हाक आली. "वासू, काही दिसलं का गा?"
मी म्हणालो, "नाई."
एवढंच. मग उठून आलो.

२६ जाने., बुधवार
सुट्टी म्हणून मधू आला. गाल बसलेले. त्याला वाटतं सांबर कुठंतरी जखम घेऊन जिवंत पडलं असेल, पाण्यापर्यंत जाता येत नसेल. दहा दिवस हेच डोक्यात. म्हणाला, कामावर यंत्रापुढं उभा असलो तरी तेच दिसतं.
मी म्हणालो, जनावर आहे, मेलं असेल एव्हाना.
"तुले काय माहीत?" त्यानं विचारलं. मी कौसल्येला चहा टाकायला सांगितलं.
तो गेल्यावर कौ. म्हणाली, किती मऊ मन आहे त्यांचं. तुम्ही तर त्या दिवशी आल्यावर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.
जनावरासाठी रडण्यातही तो माझ्यापुढं.

६ फेब्रुवारी, रविवार
लाखनीला गेलो. नामदेवच्या दुकानात चहा. म्हणाला, मधूनं रायफल ठाण्यात जमा केली, आता हात लावणार नाही म्हणतो. मग माझ्याकडं पाहिलं. "तुह्यासारख्याले माग कसा नाई सापडला, वासू? पावसात सुद्धा काढतं तू."
मी म्हणालो, दगड होता सगळा.
तो ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे पाहत बसला. त्याला कळलं असेल का... किंवा मलाच वाटून राहिलं.

१३ फेब्रु., रविवार
सांगायचं ठरवून जवाहरनगरला गेलो. मधू दारात बसून मुलीची वेणी घालत होता. जमत नव्हती, ती ओरडत होती, हा हसत होता. महिन्यानं पहिल्यांदा हसताना पाहिला. न सांगता चहा पिऊन परतलो. म्हटलं, विसरला असेल, कशाला उकरा. खरं म्हणजे बरं वाटलं नाही तो हसत होता ते.

२० फेब्रु., रविवार
तो विसरलेला नाही. आज दुपारी आला, पिशवी घेऊनच. चार दिवसांची रजा. पुन्हा पहाडीवर जायचं म्हणतो, बंदूक न घेता.
"हाडं दिसली तरी चालन. मेलं होतं, एवढं कळलं तं मनाले समजावीन. तू येशीन ना?"
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?
सध्या ओसरीवर मायजवळ बसला आहे. कौसल्या वाटेसाठी भाकरी थापते आहे, तिघांच्या नव्हे, दोघांच्या. नामदेव येत नाही, पाय अजून दुखतो म्हणे.
घळीत शिंगं असणारच. कोल्ह्यांनी बाकी काही ठेवलं नसलं तरी शिंगं असतील. त्यानं पाहिली की विचारेल, इथं तर तूच आला होतास. नाल्याच्या अंगानं नेलं तर चार दिवस फिरून हात हलवत येऊ, आणि तो जन्मभर...
आत येऊन विचारून गेला, वर चढल्यावर कोणत्या अंगानं शोधायचं. मी म्हणालो, उद्या पाहू.
"बरं. तू म्हणशीन तिकडं जाऊ," म्हणाला, आणि जाऊन बसला.
किती सहज म्हणाला. असा भरवसा मी आजवर कोणावर टाकलेला नाही. मायवर नाही, कौसल्येवर नाही. याचाही हेवा वाटला.
सकाळी सातची गाडी.