गरज दिसेल असा फोटो

तीर्थरूप दादांस,

धाकट्याचा नमस्कार. पायांवर डोकं ठेवतो आहे असं समजावं, तेही गुडघ्यांना धक्का न लावता. दुखणं आता कसं आहे? मागच्या पत्रात तुम्ही डावा गुडघा लिहिला होता आणि त्याच पाकिटात वहिनींच्या चिठ्ठीत उजवा होता. मी वहिनींचं खरं धरून देवाला उजव्याबद्दल सांगितलं आहे. चुकलं असेल तर कळवा, म्हणजे तशी दुरुस्ती करतो. आम्ही दोघं इकडे बरे आहोत. हिच्याकडे शाळेच्या गणवेशांचं काम आलं आहे, त्यामुळे घरात बसायला जावं तिथे आधी टाचण्या आहेत का ते बघावं लागतं.

गोदामाच्या नोकरीबद्दल तुम्ही जे कळकळीने लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. तुमच्या स्नेह्यांच्या पाइपांच्या गोदामात भांडारपालाची जागा, स्वतंत्र टेबल, डोक्यावर पंखा, एक तारखेपासून हजर व्हायचं, आणि या वयात कोण कुणासाठी जागा धरून ठेवतो, हे सगळं पटण्यासारखं आहे. त्याबद्दल सावकाश विचार करून लिहीन. आज मुख्यतः खुशाली कळवावी आणि इकडची एक हकिकत सांगावी, एवढ्याचसाठी पत्र लिहायला बसलो आहे.

तर गेल्या सोमवारी सकाळी मी अंघोळ केली, देवापुढे हात जोडले आणि चाळीस मुलांशी खोटं बोलायचं ठरवून घराबाहेर पडलो. देवाला तसं सांगूनच निघालो. त्याने हरकत घेतली नाही, पण आशीर्वाद दिल्यासारखंही वाटलं नाही. उदबत्ती मध्येच विझली. (ती दमट असावी.)

आता हे खोटं का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. आमची विज्ञानाची गाडी तुम्ही पाहिलेली नाही. ती पूर्वी एका बेकरीची होती. बाहेरून आम्ही 'फिरती प्रयोगशाळा' असं रंगवून घेतलं, पण ऊन पडलं की त्याखालून 'रोज ताजा ब्रेड' उमटतं, आणि आतल्या फळ्यांना अजून भट्टीचा वास आहे. त्यामुळे अकरानंतर मुलांचं लक्ष भिंगावरून पोटाकडे जातं. ज्या वस्त्यांमध्ये शाळा लांब आहे, किंवा शाळा आहे पण प्रयोगाचं कपाट नाही, अशा नऊ ठिकाणी आम्ही महिन्यातून दोनदा जातो. आपल्या गावच्या शाळेत एकच लोहचुंबक होता आणि तो मास्तरांच्या कुलपात असायचा, तो आठवतो का? तपासणीच्या दिवशी बाहेर निघायचा, साहेबांना दाखवला जायचा आणि परत आत. तुम्ही सातवी पास होऊन बाहेर पडलात, तुमच्यामागून मीही पडलो, पण दोघांपैकी कुणाच्या हाताला तो लागला नाही. पुढे मी वीस-बावीस वर्षं शहरातल्या शाळेत प्रयोगशाळेची कपाटं उघडायची आणि लावायची नोकरी केली. तरी पहिल्या महिन्यात लोहचुंबक खिशात घालून घरी आणला होता, हे आज पहिल्यांदा तुम्हाला सांगतो. (दुसऱ्या दिवशी परत ठेवला.)

गाडीचा खर्च आजवर एक कारखाना देत होता. तो विकला गेला. नव्या मालकांना झाडं आवडतात, त्यामुळे यंदापासून सगळे पैसे रोपांना. याच महिन्याच्या अखेरीला गाडी उभी राहणार, हे दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. म्हणून मी एका मोठ्या धर्मादाय संस्थेकडे मदतीचा अर्ज केला. अर्जात एक्केचाळीस प्रश्न होते. 'आपल्या कार्यक्रमातून आजवर किती शास्त्रज्ञ घडले?' असाही एक होता. आमची गाडी तीन वर्षांची आणि सगळ्यांत थोरलं मूल बारा वर्षांचं. मी लिहिलं की अजून निम्म्यांचे दुधाचे दात पडत आहेत, आकडा मागाहून कळवू. शेवटी एक सूचना होती, 'लाभार्थी मुलांचं छायाचित्र जोडावं.'

इथे माझी चूक झाली. मी खाणीजवळच्या वस्तीत पंधरा दिवस आधी सांगितलं की पुढच्या खेपेला फोटो आहे. ही सगळी दगडफोड्यांची मुलं. एरवी ती येतात तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाची असतात, खडीच्या. त्या दिवशी गाडी थांबली आणि मला वाटलं आपण वस्ती चुकलो. केस चापूनचोपून बसवलेले, तोंडाला पावडर, पोरींच्या वेण्यांना लाल रिबिनी. एकाने बापाचा लग्नातला कोट घातला होता, तो गुडघ्याखाली गेला होता. एकाच्या गळ्यात टाय होता आणि सदऱ्याला कॉलर नव्हती. फोटो सुरेख आला. मी आनंदाने जोडला. आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. अर्ज प्राथमिक छाननीत पसंत आहे, मात्र छायाचित्रातली मुलं सुस्थितीतली व समाधानी दिसतात, तरी गरज दिसेल असा दुसरा फोटो पाठवावा.

हे पत्र मी आमच्या चालकांना वाचून दाखवलं. त्यांना सगळ्या वस्त्या 'भोंगा' म्हणतात, कारण गाडीचा भोंगा तीन वर्षं बंद आहे आणि ते काम हे गृहस्थ तोंडाने करतात. ते म्हणाले, "सर, फोटो चांगला आला म्हणून अडलेलं काम मी पहिल्यांदाच बघतोय. माझ्या लायसनवरचा फोटो पाठवा. तेवढ्यावर मंजूर होईल."

मग आम्ही बेत केला. या वेळी कुणाला काही सांगायचं नाही. आज फक्त हवेच्या दाबाचा प्रयोग आहे, असं म्हणायचं, पाण्याचा पेला पुठ्ठा लावून उलटा धरायचा, आणि मुलं आ वासून बघत असतानाच मोबाइल काढून खटकन फोटो घ्यायचा. म्हणजे कपडे रोजचे, पाय अनवाणी, गरज आपोआप दिसणार. सोमवारी सकाळी जे खोटं बोलायचं ठरलं होतं ते हेच. बेत चांगला होता. फक्त मी खाली उतरून पेला भरत असताना भोंग्यांनी मला गाडीच्या खिडकीतून एकदा हळूच विचारलं, "सर, फोटो आधी काढायचा की पेला उलटा केल्यावर?" त्यांचं हळू बोलणं खाणीच्या पलीकडच्या कड्यावरून परत ऐकू येतं.

समोर जमलेली चाळीस मुलं बघता बघता नाहीशी झाली. मी पाण्याने भरलेला पेला हातात धरून एकटा उभा राहिलो. वीस मिनिटांत सगळी परत आली, कोट, टाय, पावडर, रिबिनी यांच्यासकट, आणि या खेपेला आयाही बरोबर. एक बाई हात पदराला पुसत तरातरा माझ्यापर्यंत आली.

"सर, आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? लेकरू अशा अवतारात उभं राहिलं असतं की! फोटो बघून लोक काय म्हणतील?"

आता लोकांनी नेमकं तेच म्हणावं, हा तर बेत होता. हे तिला कसं सांगणार? मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, "चुकलंच."

तरी मी हटलो नाही. (देवाने तिथे तरी मला आवरायला हवं होतं, पण त्यालाही बहुधा पुढे काय होतं ते पाहायचं होतं.) कपडे नाहीत तर नाहीत, निदान चेहरे तरी उतरलेले हवेत. मी म्हणालो, हसू नका. मग तर मुलं हसायलाच लागली. भोंगे म्हणाले, असं नाही सर, करून दाखवावं लागतं. आणि त्यांनी दुःखी चेहरा करून दाखवला. तो पाहून कोटवाला मुलगा हसता हसता कोटातच खाली बसला आणि त्याला शोधून उभा करावा लागला.

तेव्हा मी जे केलं ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. पहिल्या रांगेत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी होती. तिच्या घट्ट वेण्या, फुलासारखी बांधलेली रिबीन. मला वाटलं, एवढी एक वेणी मोकळी केली आणि केस जरा विसकटले तर एका मुलीपुरती तरी गरज दिसेल. मी पुढे झालो आणि रिबिनीचं टोक धरून ओढलं. गाठ सुटली. मुलगी हलली नाही, रडली नाही. मान सरळ ठेवून, डोळे वर करून तिने विचारलं,

"सर, आता काय होणार?"

दादा, आमच्या गाडीपाशी सर ज्याला हात लावतात त्याचं काहीतरी होतं. पाणी चढतं, कागद उडतो, दिवा लागतो. आधी अंदाज सांगा, मग बघा, मग वहीत लिहा, हे तीन वर्षं मीच त्यांना घोकवलं आहे. त्यामुळे मागची मुलं लगेच अंदाज सांगू लागली. कुणी म्हणालं केस उभे राहणार, मागे कंगव्याने राहिले होते तसे. कुणी म्हणालं रिबीन सरांच्या हाताला चिकटणार. एकजण म्हणाला, "थांबा रे, वेळ लागतो. बी उगवायला किती दिवस लागले होते!" आणि मग सगळी गप्प होऊन माझ्या हाताकडे बघत राहिली. तसं गप्प मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आमच्या देवघरातसुद्धा इतकी शांतता नसते.

मी म्हणालो, काही होणार नाही. सरांचा प्रयोग चुकला. रिबीन परत बांधायला गेलो तर माझी गाठ सुतळीने पार्सल बांधल्यासारखी झाली, ती तिच्या आईने सोडून पुन्हा घातली, माझ्याकडे न बघता. मुलांनी मात्र शिस्तीने वह्या काढल्या आणि लिहून घेतलं. गाडीत बसल्यावर मी तपासायला घेतलेली एक वही उघडून पाहिली. 'रिबीन सोडली. काही झालं नाही. केस लांब आहेत.'

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिलाच फोटो पुन्हा पाकिटात घातला, सोबत दोन ओळी लिहिल्या की मुलं फोटोत अशीच दिसतात, याहून वाईट फोटो आम्हाला जमला नाही, जमेल असं वाटत नाही, आणि पाकीट संस्थेच्या कचेरीत स्वतः नेऊन दिलं. अशी ही हकिकत. वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं निश्चित काय ते कळवा.

तुमचा,
धाकटा

ता. क. हकिकत इथे संपत नाही. शुक्रवारी त्या कचेरीतल्या बाईंचा फोन आला. आवाजावरून भली बाई वाटली. म्हणाल्या, "सर, फोटो फार गोड आहे हो, टेबलाटेबलावर फिरला. पण आमच्या 'वंचित' सदरात तो बसेना. म्हणून मी अर्ज 'गुणवंत' सदरात सरकवलाय. तिथे मुलं हसलेली चालतात." त्या सदराची बैठक मात्र सहा महिन्यांनी आहे, आणि मंजुरी मिळेलच असं त्यांनी सांगितलं नाही. तोवर नऊ वस्त्यांऐवजी तीन करायच्या, असं भोंगे आणि मी ठरवलं आहे. ते सकाळी दुसऱ्याची दूधगाडी चालवतील आणि दुपारी आमची. मला पगार नसेल.

ता. क. दुसरा. वर मी गोदामाबद्दल सावकाश विचार करून लिहीन असं म्हटलं आहे. विचार झाला आहे. काल सकाळी तुमच्या स्नेह्यांना भेटून, जागा माझ्यासाठी धरून ठेवू नका असं सांगून आलो. त्यांनी चहा पाजला आणि टेबलही दाखवलं. पंखा खरोखरच चांगला आहे. ते तुम्हाला फोन करतील, त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, हे या पत्राचं खरं कारण. आणि एक विनंती आहे. हिला मी अजून काहीच बोललेलो नाही. सहा महिने घर तिच्या मशीनवर चालणार, आणि ते तिला कुठल्या तोंडाने सांगावं हे मला समजत नाही. तुमचा शब्द ती मोडत नाही. तेव्हा पत्र पोचताच फोन करावा, मी त्या वेळी मुद्दाम बाहेर जाईन, आणि जमेल तसं तुम्हीच तिच्या कानावर घालावं.

ता. क. तिसरा. वरची विनंती रद्द समजावी. पाकीट चिकटवायला डिंक मागायला गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, फोटोपासून पंख्यापर्यंत. तिने मशीन थांबवलं नाही, फक्त पाय हळू झाला. बाहीची शिवण पूर्ण केली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "सहा महिने ना? काढू. पण भाऊजींना कोण सांगणार? ते मला सांगू नका, मला त्यांची भीती वाटते." मी म्हटलं, ते मी लिहिलं आहे. तिला खरं वाटेना, म्हणून पत्र तिला वाचायला दिलं. आता ती चप्पल घालून दारात उभी आहे आणि आम्ही दोघं ते पेटीत टाकायला निघालो आहोत.