चारास तीन

हिंगोली,
शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

वहिनी आणि लेकरं बरी असतील. मीही बरी आहे. तीन आठवड्यांपासून इथे लॉजवर राहते आहे, हे तुला कळलंच असेल. मी हिंगोलीत शिंकले तरी हट्ट्याला ऐकू जातं. कनेरगाव नाक्यापासून वसमतपर्यंत हळदीची शेतं पालथी घातली. तुझ्या दारावरून दोनदा गाडी गेली. थांबले नाही, म्हणजे थांबायचा धीर झाला नाही.

माझा फोन तू घेत नाहीस, म्हणून भागूबाईच्या हाती पत्र देते आहे. आईसोबत हळदीवर जाणाऱ्यांपैकी आता तीच एकटी उरली आहे. कॅमेऱ्यासमोर इतकी बोलते की आवरावी लागते.

काम असं आहे. हळदीवर राबणाऱ्या बायकांवरचा माझा माहितीपट एका वाहिनीवर लागणार आहे. जुन्या काळचं चित्रण माझ्याकडे एकच आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जळबाकडून तू २०१० साली करून घेतलेलं, आईचं. खळ्यावर बसून ती हळदीचे कंद मोडते आहे, सहा मिनिटं. जळबानं मूळ कॅसेट अजून जपून ठेवली होती.

अडचण चौकटीची आहे. तेव्हाचं चित्र चारास तीन, म्हणजे जवळजवळ चौरस. वाहिनीला हवं सोळास नऊ, आजच्या टीव्हीसारखं आडवं. चित्र मोठं करून वरखाली कापलं, तर आईचे हात जातात. मग उरतं काय? आडवं ताणलं, तर पडदा भरतो पण माणूस रुंद होतो. आहे तसं ठेवलं, तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. वाहिनीच्या अनिरुद्ध सरांना पट्ट्या नको आहेत. लोकांना टीव्ही बिघडला असं वाटतं म्हणे. थोडं ताणा, कुणाला कळतंय, असा त्यांचा सल्ला. चार दिवस मी त्यांच्याशी भांडले. शेवटी ते म्हणाले, पट्ट्याच ठेवायच्या तर कारण लेखी द्या, आणि घरच्यांची संमती आणा. सोमवारी संध्याकाळपर्यंत. नाहीतर ती सहा मिनिटं काढा.

संमतीचं मी भागूबाईकडून आधी तोंडी विचारलं होतं, काल ती तुझा निरोप घेऊन आली. सही देतो म्हणालास. वर तिला हेही बोललास, "टीव्हीनं फसवलं तिला. तिची काय चूक?" जळबानं तुला मागे कधीतरी सांगितलं होतं म्हणे, की रुंद टीव्हीवर जुनं चित्र ताणलं जातं आणि वाळलेला माणूसही भरलेला दिसतो. हे ऐकून मी भागूबाईसमोर रडले. तिला वाटलं, आनंदानंच.

दादा, त्या वर्षी आई खंगत चालली होती आणि फोनवर मी तुझं ऐकत नव्हते. म्हणून तर तू ते चित्रण करवून सीडी पुण्याला पाठवलीस. ती मी आमच्या स्टुडिओतल्या नव्या रुंद टीव्हीवर लावली आणि तुला फोन केला. म्हणाले, आई तर चांगली भरलीय, तू उगाच घाबरवतोस. तू रागावला नाहीस. एवढंच म्हणालास, "तू टीव्हीत पाहून राहिली, सपना. मी तिला रोज उचलून राहिलो."

एकोणीस दिवसांनी आई गेली. जलदानाला आलेल्या सगळ्यांशी तू बोललास, माझ्याशी नाही. बरोबरच होतं.

आता खरं सांगते. मला टीव्हीनं फसवलं नाही. चित्र ताणलेलं आहे का हे तपासणं, हेच तर त्या स्टुडिओत माझं काम होतं. आमच्या कामात रीत आहे, चौकटीत आधी चाक शोधायचं. चाक गोल दिसलं, तर माणूसही बराबर दिसतो. आईच्या मागे भिंतीला तुझी सायकल टेकवलेली होती. तिची दोन्ही चाकं अंड्यासारखी आडवी झालेली मला पहिल्याच मिनिटाला दिसली. रिमोट हातात होता. एक बटण दाबायचं होतं. मी दाबलं नाही.

माझं नाव लागणारा पहिला माहितीपट आठवड्यावर आला होता. खरी आई दिसली असती, तर त्याच संध्याकाळी गाडी धरावी लागली असती. भरलेली आई मला सोयीची होती. आणि दर दोन कंदांनंतर ती दम खात थांबत होती, ते तर ताणलेल्या चित्रातही दिसत होतं.

पंधरा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. परवा मूळ कॅसेट बरोबर आकारात लावली. आईची मनगटं पाहिली आणि स्वतःची लाज वाटली.

वाहिनीला कारण लिहून दिलं: मूळ चित्राचं प्रमाण बदलता येणार नाही. त्यांना तेवढं पुरलं. तुझ्याकडून सही घ्यायची तर तेवढ्यावर भागणार नव्हतं. संमतीचा कागद सोबत आहे. तू पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तो परत घेऊ नको, असं भागूबाईला बजावलं आहे. मला निर्दोष समजून केलेली सही मला नको. सही आली, तर आई होती तशी दिसेल. नाही आली, तर ती सहा मिनिटं मी स्वतःच्या हातानं काढीन, पण ताणणार नाही.

सोमवारी सकाळी मी हट्ट्याच्या एसटी स्टँडवर असेन. तू बोलावलंस, तरच घरी येईन.

तुझी म्हणायचं की नाही, ते आता तू ठरव.

सपना